वाहनाच्या धडकेसाठी बोलार्ड बसवताना: पाइप, पाया, अंतर आणि नेहमीचे घोळ (मंचावरची चर्चा; प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

ओळंबा

दुकानाच्या काचेपुढे, गॅसच्या टाकीभोवती, चार्जिंग मशिनसमोर, गोदामातल्या रॅकच्या टोकाला जे लोखंडी खांब (म्हणजे बोलार्ड) दिसतात, त्यांतले बरेच दिसायलाच दणकट असतात. वरचा पाइप जाड, पिवळा रंग झकास, आणि खाली चार बोल्ट किंवा वीतभर काँक्रीट. गाडी आली की खांब मुळासकट उपटून गाडीच्या पुढे काचेत शिरतो. म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तिथे कान धरावा.

सगळ्यात आधी ठरवायचं ते हे: कोणती गाडी, किती वेगाने आणि कोणत्या दिशेने येऊ शकते? पाइप कितीचा घ्यायचा हा त्यानंतरचा प्रश्न. पार्किंगमध्ये ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला जाणं वेगळं आणि सरळ रस्त्यावरून ५० च्या वेगाने येणारी गाडी वेगळी.

किमान मापं म्हणून इंटरनॅशनल फायर कोडचं (अमेरिकेत वापरली जाणारी आग-सुरक्षेची नमुना नियमावली) कलम ३१२ सोयीचं आहे. पाइप स्टीलचा, किमान १०० मिमी व्यासाचा, आत काँक्रीट भरलेला. दोन खांबांच्या मध्यापासून मध्यापर्यंत जास्तीत जास्त १.२ मीटर. जमिनीत किमान ९०० मिमी, तेही किमान ३८० मिमी व्यासाच्या काँक्रीट पायात. जमिनीवर किमान ९०० मिमी उंची. आणि ज्या वस्तूला वाचवायचं तिच्यापासून किमान ९०० मिमी लांब. या तरतुदीत वेगाचा उल्लेख नाही हे लक्षात ठेवा. ही मापं हळू चालणाऱ्या गाड्यांसाठी ठीक, त्यापुढे हिशोब करावा लागतो.

आता प्रत्यक्ष काम. ६ इंची शेड्यूल ४० पाइप (शेड्यूल म्हणजे भिंतीच्या जाडीची ठरलेली श्रेणी; बाहेरचा व्यास १६८.३ मिमी, जाडी ७.११ मिमी), एकूण लांबी २ मीटर, त्यातला १ मीटर वर आणि १ मीटर खाली, असं धरून लिहितो.

१. जमिनीखाली काय आहे ते आधी शोधा. नकाशावर विसंबू नका. केबल लोकेटर फिरवा आणि पहिले ५०० ते ६०० मिमी हाताने खोदा. फरशीखाली तळघर असेल किंवा स्लॅब पोस्ट-टेन्शन्ड (आत पोलादी केबल ताणून बसवलेला) असेल तर कोअर कटिंगचं (मशिनने फरशीत गोल भोक कापणं) नावही काढू नका. ताणलेली केबल कापली गेली तर स्लॅबची ताकद जाते आणि माणूसही जातो.

२. फरशी असेल तर ४५० मिमीचा कोअर काढा किंवा चौकोनी कट मारा. खड्ड्याच्या बाजू सरळ उभ्या हव्यात. वर रुंद आणि खाली निमुळता खड्डा (हाताने खोदला की हमखास असाच होतो) म्हणजे भोवरा उभा केल्यासारखं आहे. आणि जिथे जमीन गोठते तिथे वरच्या रुंद काँक्रीटला बर्फ खालून उचलतो.

३. तळाची सुटी माती हाताने काढा. ऑगरने (स्क्रूसारख्या फिरत्या ड्रिलने) खोदलेल्या खड्ड्यात तळाला हमखास भुसभुशीत थर राहतो. मग १०० मिमी खडी टाकून धुम्मस करा.

४. सळयांचा पिंजरा: १२ मिमीच्या ६ उभ्या सळया, ८ मिमीच्या रिंगा १५० मिमी अंतराने. मातीच्या बाजूला ७५ मिमी कव्हर (सळईबाहेरचं काँक्रीट), कव्हर ब्लॉक लावूनच.

५. पाइपच्या खालच्या टोकाजवळ आरपार भोकं पाडून १२ मिमीच्या दोन सळया फुलीसारख्या घाला, पाइपच्या दोन्ही बाजूंना तीन बोटांएवढ्या बाहेर. पाइप काँक्रीटमध्ये फिरू नये आणि वर उपटला जाऊ नये म्हणून. भोकं तळाशीच. जमिनीच्या पातळीजवळ भोक पाडलंत तर पाइप नेमका तिथेच मोडणार, कारण सगळ्यात जास्त वाकण तिथेच येतं.

६. पाइपचं टोक खडीवर टेकवू नका. खाली ५० ते ७५ मिमी काँक्रीट हवं, नाहीतर गंज तळातून आत चढतो.

७. दोन काटकोनी दिशांना लेव्हल लावून पाइप उभा करा, तीन बाजूंनी टेकू द्या. आधी पाया भरा, सुई व्हायब्रेटर फिरवा, पुन्हा ओळंबा तपासा. पाया आवळला की मगच पाइप आतून भरा. ओल्या पायावर आतल्या काँक्रीटचं वजन आलं की पाइप कलतो, आणि सकाळी कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

८. वरचं टोक घुमटासारखं गोल करा, पाणी साचू नये.

काँक्रीट २५ मेगापास्कल, म्हणजे एम-२५. पाया ४५० मिमी व्यासाचा आणि १०५० मिमी खोल धरला तर पाइपची जागा वजा करून साधारण ०.१५ घनमीटर, आणि पाइपच्या आत ०.०४ घनमीटरच्या जवळपास. म्हणजे एका खांबाला ०.१९ घनमीटर. सांडलवंड धरून ०.२ मागवा. सात दिवस पाणी मारा आणि तेवढे दिवस त्या बाजूला गाडी लागू देऊ नका.

घमेलं

उत्तम धागा. पण ४ इंची पाइप कोडला चालत असेल तर ६ इंचीचा आग्रह कशाला? वजन जवळपास दुप्पट होतं. ४ इंची १६ किलो मीटरला, ६ इंची २८ किलो.

मोजपट्टी

वजन पावणेदोन पट, पण वाकण्याला विरोध अडीच पटीहून जास्त. हिशोब सोपा आहे.

पाइपचं प्लास्टिक मॉड्युलस (आकारामुळे वाकण्याला होणाऱ्या विरोधाचं माप) म्हणजे बाहेरच्या व्यासाच्या घनातून आतल्या व्यासाचा घन वजा करून सहाने भागायचं. स्टीलची यील्ड ताकद (कायमचं वाकायला लागण्याची मर्यादा) २५० मेगापास्कल धरून तिने गुणलं, तर पाइप वाकवायला लागणारा मोमेंट (बल गुणिले अंतर) असा:

४ इंची (११४.३ × ६.०२): १७.७ किलोन्यूटन-मीटर
६ इंची (१६८.३ × ७.११): ४६
८ इंची (२१९.१ × ८.१८): ९१

गाडीचा बंपर साधारण अर्ध्या मीटरवर लागतो. म्हणजे पाइप तळाशी वाकायला लागेल ते बल ४ इंचीला ३५ किलोन्यूटन, ६ इंचीला ९२, ८ इंचीला १८०.

आता समोरून येणारी ऊर्जा बघा. दीड टनाची गाडी:

२० किमी/तास: २३ किलोजूल
३० किमी/तास: ५२
५० किमी/तास: १४५

वेग २० वरून ५० झाला तर ऊर्जा सहा पटीने वाढते. गाडीचं नाक दबणं आणि खांब वाकणं मिळून ६०० मिमीत गाडी थांबवायची असेल, तर ३० च्या वेगाला सरासरी ८७ किलोन्यूटन लागतं. म्हणजे ६ इंची पाइप, पाया हलणार नाही असं गृहीत धरून, साध्या कारला ३० किमीपर्यंत जेमतेम पुरतो. ४ इंचीला तेवढंच काम करायला जवळपास दीड मीटर अंतर लागेल, आणि तेवढ्यात तो आडवा झालेला असेल.

एक गंमत. त्याच कलम ३१२ मध्ये खांबांऐवजी दुसरा अडथळा चालतो, पण त्याने ९१४ मिमी उंचीवर ५३ किलोन्यूटन बल सोसलं पाहिजे अशी अट आहे. म्हणजे तळाशी ४९ किलोन्यूटन-मीटर. रिकामा ४ इंची पाइप याच्या जवळपासही जात नाही, ६ इंची जेमतेम काठावर येतो. यावरून किमान माप आणि पुरेसं माप यातला फरक कळावा.

धुम्मस

मोजपट्टी यांचा हिशोब बरोबर, पण "पाया हलणार नाही असं गृहीत धरून" हे वाक्य त्यांनी हळूच सरकवलंय आणि सगळी गोम तिथेच आहे.

४५० व्यासाचा, १०५० खोल पाया साध्या वाळूमिश्रित मातीत, आजूबाजूला फरशी नाही. अर्ध्या मीटर उंचीवरून ढकललं तर ब्रॉम्सच्या पद्धतीने (बाजूची माती पायाला किती अडवते याचा हिशोब) हा पाया ९ ते १० किलोन्यूटनला फिरायला लागतो. पाइपची क्षमता ९२! धडक क्षणभराची असते, मातीचं जडत्व मदतीला येतं, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा यापेक्षा बराच वर जातो. तरी तफावत मोठीच. उघड्या मातीतला खांब पाइपला चराही न पडता पायासकट आडवा होतो, तो यामुळे.

पायाचं वजन मदत करतं हा गैरसमज सोडा. ०.१७ घनमीटर काँक्रीटचं वजन ४ किलोन्यूटन. काम करते ती बाजूची माती. आणि तिथे खोली राजा आहे. व्यास दुप्पट केला तर विरोध दुप्पट. खोली दुप्पट केली तर पावणेपाच पट. काँक्रीट वाढवायचंच असेल तर खाली जा, रुंदीत नाही.

दुसरा उपाय म्हणजे वर आधार देणं. पायाच्या भोवती १५० मिमीची काँक्रीट फरशी घट्ट टेकलेली असेल तर पाया जमिनीच्या पातळीवर अडतो आणि त्याच मातीत विरोध पाच-सहा पट होतो. डांबर किंवा पेव्हर ब्लॉक तेवढा आधार देत नाहीत. ते बाजूला सरकतात.

तिसरा उपाय मला सगळ्यात आवडतो. तीन-चार खांब ओळीने असतील तर सुटे खड्डे न करता एकच चर खणा. १.२ मीटरवर तीन खांबांना ३.४ मीटर लांब, ६०० रुंद, ९०० खोल. खाली-वर १६ मिमीच्या चार-चार सळया, १० मिमीच्या रिंगा. एका खांबाला धडक बसली की बाकीचा पाया त्याच्यासोबत ओढला जातो. काँक्रीट १.८ घनमीटर लागतं, म्हणजे सुट्यांपेक्षा तिप्पट. पण भराव टाकलेल्या जमिनीत दुसरं काही टिकत नाही.

सळई_बारा

+१. भरावाबाबत एक जोड. इमारतीच्या भिंतीलगतचा पहिला मीटरभर पट्टा जवळपास नेहमी पाया भरताना मागे टाकलेली माती असते, क्वचितच नीट दाबलेली. आणि बोलार्ड नेमके तिथेच येतात. खड्ड्यात पहार टोचून बघा, वीतभर सहज गेली तर खोली वाढवा.

नवखा_साइटवर

माझा प्रश्न. ३५० मिमीवर विजेच्या केबलचा डक्ट आहे, तो हलवता येत नाही. मग ३०० मिमीचा खड्डा करून जाड काँक्रीट भरलं तर?

धुम्मस

सुटा खड्डा ३०० खोल करून काही हाती लागणार नाही. खोलीचं गणित वर दिलंय, ते उलटं चालवून बघा.

उथळ पायाचे बोलार्ड असतात, पण त्यांची रचना वेगळी. पाइप खाली जाड प्लेटला किंवा आय-बीमच्या चौकटीला जोडलेला असतो, ती चौकट गाडीच्या दिशेला आणि मागेही पसरलेली असते, आणि वरून सळईच्या जाळीसह काँक्रीटची अखंड शिळा. तिथे खोलीची जागा लांबी-रुंदी आणि वजन घेतात. अशा रचनेत पाइप आणि चौकट यांच्यातलं वेल्डिंग हाच जीव असतो. ते साइटवर पावसात घाईने उरकलेलं नको. चाचणी केलेलं तयार युनिट घ्या आणि चाचणीच्या वेळी पायाची जी मापं होती तीच ठेवा. शिळा अर्धी केली की प्रमाणपत्राला अर्थ उरत नाही.

थापी

बेसप्लेटचे, म्हणजे तळाच्या प्लेटला अँकर बोल्ट मारून फरशीवर बसवलेले खांब यात कुठे बसतात? बाजारात तेच जास्त मिळतात आणि अर्ध्या तासात लागतात.

मोजपट्टी

ते "इथे गाडी आणू नका" सांगायला आहेत. थांबवायला नाहीत.

६ इंची पाइप वाकेपर्यंत तळाशी ४६ किलोन्यूटन-मीटर येतात. २५० मिमीच्या प्लेटमध्ये ताण घेणारे दोन बोल्ट आणि दाब घेणारी कड यांच्यात अंतर साधारण २०० मिमी. म्हणजे दोन बोल्टवर २३० किलोन्यूटन ओढ, प्रत्येकी ११५. दीडशे मिमीच्या फरशीत १०० मिमी खोल बसवलेला एम-१६ अँकर त्याच्या चौथाईलाच काँक्रीटचा शंकू घेऊन बाहेर येतो. वर फरशीचा तुकडा उडतो तो वेगळाच. म्हणून या खांबांना पाइप जाड घेणं म्हणजे उगाच खर्च. बोल्ट आधी सुटणार.

हाताने ओढायची पॅलेट ट्रॉली, पायी चालणाऱ्याच्या वेगाने सरकणारी गाडी, रांग लावणं, एवढ्यापुरते ठीक. वापरणारच असाल तर रासायनिक अँकर (भोकात रेझिनने चिकटवलेला बोल्ट), फरशीच्या कडेपासून आणि सांध्यापासून दूर, भोकातली धूळ ब्रशने आणि हवेने काढून. धूळ राहिली की रेझिन काँक्रीटला न चिकटता धुळीला चिकटतं.

घमेलं

पाइपमध्ये काँक्रीट भरायचं की नाही यावर वाद ऐकलाय. काही जण म्हणतात भरल्याने ताकद फारशी वाढत नाही, उलट बदलताना त्रास.

ओळंबा

नुसत्या वाकण्याच्या आकड्यात काँक्रीटची भर लहान असते, हे खरं. पण भरतात ते दुसऱ्या कारणासाठी. रिकामा पातळ पाइप धडकेच्या जागी चेपतो, गोलाचा लंबगोल होतो, आणि चेपलेल्या पाइपचं मॉड्युलस झपाट्याने उतरतं. आतलं काँक्रीट त्याला चेपू देत नाही. जाड भिंतीच्या पाइपला ही गरज कमी, ४ इंचीला जास्त.

सळई_बारा

किंचित असहमत. भरलेला पाइप अधिक ताठ होतो, त्यामुळे वाकून ऊर्जा पिण्याऐवजी भार थेट पायावर टाकतो. पाया कमजोर असेल तर भरल्याने फायदा शून्य. म्हणून आधी पाया, मग भरणं. भरायचंच तर पूर्ण भरा. अर्ध्यापर्यंत भरून वर टोपी लावलेले खांब भरण संपतं तिथेच दुमडतात. आणि मध्ये पोकळी राहू देऊ नका, काँक्रीट थोडं पातळ ठेवून सळईने कोचत भरा. २० मिमीऐवजी १० मिमी खडी घेतली तर ४ इंचीत अडकत नाही.

ओळंबा

मान्य. तुमचा क्रम माझ्यापेक्षा बरोबर आहे.

नवखा_साइटवर

दोन खांबांत अंतर १.२ मीटर. हे मध्य ते मध्य की मोकळी जागा?

ओळंबा

इथे फार जण चुकतात. फायर कोडमध्ये मध्य ते मध्य. वाहनरोधक अडथळ्यांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात (आयडब्ल्यूए १४, आता त्याच्या जागी २०२३ चं आयएसओ २२३४३) १.२ मीटर ही मोकळी जागा, म्हणजे पृष्ठभाग ते पृष्ठभाग. ६ इंची खांबांत दोन्हींत १७० मिमीचा फरक पडतो. नकाशावर लिहिताना कोणतं माप ते स्पष्ट लिहा, नाहीतर ठेकेदार आपल्या सोयीचं धरतो.

खालची मर्यादा चाकाच्या खुर्चीची. मोकळी जागा ९०० मिमीपेक्षा कमी करू नका. म्हणजे हात ९०० ते १२०० यांतच फिरवायचा. आणि हे गाडी सरळ येईल असं धरून आहे. कोपऱ्यावर शेवटचा खांब भिंतीपासून किती लांब ते वेगळं तपासा. सहा खांब नेटके आणि टोकाला दीड मीटरची फट, हे दृश्य नेहमीचं आहे.

थापी

उंचीबद्दल एक. ९०० किंवा १००० मिमी हे तयार पातळीपासून. खांब आधी लावले आणि नंतर ५० मिमी बेडिंग व ६० मिमी पेव्हर पडले की ११० मिमी गेले. अंतिम पातळी दोरी मारून पक्की करूनच पाइप कापा. बुटका खांब दोन्ही बाजूंनी वाईट: चालकाला बॉनेटवरून दिसत नाही आणि उंच गाडीचा बंपर त्याच्यावरून चढतो.

पहार

गोदामवाल्यांसाठी वेगळं सांगतो, कारण वरचा बराच हिशोब कारचा आहे.

फोर्कलिफ्ट लहान दिसली तरी अडीच टन उचलणारी मशिन स्वतः साडेतीन-चार टनांची असते, मागचं काउंटरवेट ठोस लोखंड. कारसारखं नाक दबत नाही, त्यामुळे थांबायचं अंतर जवळपास सगळं खांबाच्याच वाकण्यातून येतं. १० किमीच्या वेगाने चार टन म्हणजे फक्त १५ किलोजूल, पण ते १०० मिमीत थांबवायचे तर दीडशे किलोन्यूटन. म्हणून रॅक आणि खांब यांच्यात जागा सोडा. रॅकच्या पायाला चिकटवून लावलेला बोलार्ड वाकताना रॅकच पाडतो.

फोर्क जमिनीलगत असतात, त्यांना एकच खांब अडवत नाही. रॅकच्या टोकाला खांबासोबत खाली आडवी रेल हवी.

फरशीत कोअर काढून लावत असाल तर पाया आणि फरशी यांच्यात १० ते १२ मिमीचं फोम फिलर ठेवतात, भेगा रॅकपर्यंत जाऊ नयेत म्हणून. पण मघाशी धुम्मस यांनी फरशीचा आधार मोजला तो मऊ फिलरमुळे हातचा जातो. फिलर ठेवणार असाल तर पाया खोल घ्या. दोन्ही फायदे एकत्र मिळत नाहीत.

ट्रक धक्क्यावर आणखी वेगळं. ट्रकची मागची फळी मीटरभर उंचीवर असते, ती ९०० च्या खांबावरून आरामात पुढे सरकते आणि भिंतीला लागते. तिथे १२०० मिमी उंच खांब घ्या किंवा चाकालाच अडवणारा ठोकळा खाली लावा.

धुम्मस

फिलरचा मुद्दा नेमका पकडलात. माझ्या प्रतिसादात तो लिहायला हवा होता.

घमेलं

गंजाचं कोणी बोललं नाही अजून.

थापी

गंज नेहमी एकाच जागी: जमिनीच्या पातळीला, वर-खाली ५० मिमी. नेमकी तीच वाकणीची जागा.

पाइप हॉट-डिप गॅल्वनाइझ्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेला). ६ मिमीहून जाड स्टीलवर आयएसओ १४६१ या मानकाप्रमाणे सरासरी ८५ मायक्रॉन थर येतो. वर टोपी वेल्ड करून मग गॅल्वनायझिंगला पाठवणार असाल तर हवा निसटायला भोकं ठेवाच. बंद पोकळीतली वाफ जस्ताच्या कढईत स्फोट करते. फुलीच्या सळयांची भोकंही आधीच पाडा. नंतर पाडलीत तर तिथला थर गेला.

जमिनीच्या पातळीच्या वर-खाली १५० मिमी इपॉक्सी किंवा बिटुमेनचा पट्टा. काँक्रीट १५ मिमी वर आणून बाहेरच्या बाजूला उतार द्या आणि पाइपभोवतीची खाच पॉलियुरेथेन सीलंटने भरा. साधं सिमेंट भरलं तर पहिल्या उन्हाळ्यात केसाएवढी फट पडते आणि तिथूनच पाणी उतरतं.

ताज्या गॅल्वनाइझ्डवर सरळ ऑइल पेंट मारू नका, सालीसारखा निघतो. आधी टी-वॉश (रंग धरावा म्हणून जस्तावर लावायचा द्राव) किंवा त्यासाठीचं प्रायमर.

प्लास्टिकच्या पिवळ्या टोप्या (स्लीव्ह) देखणं काम करतात, पण त्यांच्या आत पाणी राहतं. जमिनीला टेकवू नका, खाली १० मिमी फट सोडा, आणि वर्षातून एकदा वर सरकवून आत बघा. रिफ्लेक्टिव्ह पट्टे ५० मिमी रुंद, दोन, त्यांतला एक वरच्या टोकाजवळ.

नवखा_साइटवर

गॅस मीटर, चार्जर, हायड्रंट यांना काही खास?

ओळंबा

तत्त्व एकच: खांब वाकून मागे येईल आणि गाडीचं नाक त्याच्या वरून थोडं पुढे जाईल, तेवढी जागा रिकामी हवी. ९०० मिमी त्यासाठीच. जागाच नसेल तर खांब जाड आणि पाया खोल करून वाकणं कमी करा. गॅसच्या नळीला खांबाचा आधार देऊ नका, ती खांबाला क्लिपने बांधलेली दिसते तेव्हा अंगावर काटा येतो.

हायड्रंटभोवती सगळीकडून ९०० मिमी मोकळं, खांब त्याच्या बाहेर. पाना फिरवून बघा, होज जोडून बघा, मग खुणा करा. चार्जरला खांब बरोबर समोर लावला तर केबल त्याला घासते आणि चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाचा हात पडद्यापर्यंत पोचत नाही. दोन खांब दोन कोपऱ्यांना लावा. विजेच्या पेटीचं दार पूर्ण उघडून बघितल्याशिवाय कोअर मारू नका.

पहार

चाचणीच्या प्रमाणपत्राबाबत दोन ओळी, कारण विक्रेते अक्षरं फेकतात.

एएसटीएम (अमेरिकी मानक संस्था) एफ-३०१६ हे दुकानं वगैरेंसाठी, कमी वेगाचं: २२७० किलोची गाडी, १६, ३२ किंवा ४८ किमी वेगाने (एस-१०, एस-२०, एस-३०, हे आकडे मैलांचे). गाडी किती आत आली त्यावर पी-१ म्हणजे ३०० मिमीपर्यंत, पी-२ म्हणजे १.२ मीटरपर्यंत.

एएसटीएम एफ-२६५६ मधलं एम-३० म्हणजे ६८०० किलोचा ट्रक ४८ किमीने, ६१० किलोजूल. एम-५० म्हणजे ८० किमी, १६८०. इथला पी-१ म्हणजे १ मीटरपर्यंत. दोन्हींतल्या पी-१ चा अर्थ वेगळा, हे विसरू नका. दुकानाच्या काचेसाठी एम-५० मागणं म्हणजे माशीला तोफ. आणि हमरस्त्याच्या टोकाला एस-१० लावणं म्हणजे काहीच न लावणं.

नवखा_साइटवर

एकदा धडक बसलेला खांब सरळ करून वापरता येतो का? शेजारचा एक कललाय, गाडीला फारसं झालं नाही.

मोजपट्टी

आधी बघा काय कललंय. पाइप सरळ आणि काँक्रीटसकट तिरका, तर पाया फिरलाय, आणि मागच्या बाजूला माती व पाया यांच्यात फट असेल. पुढच्या धडकेला तिथे आधारच नाही. पाइप तळाशी वाकलाय तर ताणाच्या बाजूला रंग उचकटलेला आणि बारीक आडव्या भेगा दिसतील. दोन्हींत खांब बदलायचाच. उलटं वाकवून सरळ केलेला पाइप दिसतो चांगला, पण त्याची ताणायची ताकद संपलेली असते, पुढच्या वेळी तुटतो.

जमिनीलगत कापून उरलेल्या खुंटावर नवा पाइप वेल्ड करणं हा सगळ्यात वाईट शॉर्टकट. वेल्ड नेमकं कमाल वाकणीच्या जागी, आतलं काँक्रीट जोडलेलं नाही, गॅल्वनायझिंग जळलेलं. जुना पाया मोठ्या कोअरने काढा, किंवा खांबाची जागा ६०० मिमी सरकवा आणि बाकीच्यांची मोकळी जागा पुन्हा मोजा.

घमेलं

शेवटचं. काढता येणाऱ्या खांबांचं काय? आगीच्या गाडीसाठी एक रस्ता सोडायचाय.

थापी

जमिनीत गाडलेला सॉकेट आणि त्यात उतरणारा खांब, तो सॉकेटमध्ये किमान ३०० मिमी खोल गेला पाहिजे. दोघांत ढिलेपणा असतोच, म्हणून त्याला पक्क्या खांबाइतका धरू नका. पाया मात्र पक्क्याच्याच मापाचा.

सॉकेटच्या तळाला ५० मिमीची निचऱ्याची नळी, ती खडीच्या खड्ड्यात सोडा. निचरा नसला की पाणी, माती, पानं, आणि सहा महिन्यांत खांब निघत नाही. थंड प्रदेशात बर्फाने सॉकेट फाटतो. खांब काढल्यावर भोकाला झाकण हवं, नाहीतर कोणाचा तरी पाय जाईल. ६ इंची पाइप मीटर-सव्वामीटरचा म्हणजे ३५ किलो, एकट्याने उचलायचा नाही. म्हणून इथे आत काँक्रीट भरू नका, त्याऐवजी जाड भिंतीचा पाइप घ्या आणि त्याचा हिशोब वेगळा करा.

कुलूप अग्निशमन दलाच्या किल्लीने उघडेल असंच, आणि महिन्यातून एकदा खांब काढून-घालून बघायची नोंदवही ठेवा. ग्रीस नको, त्याला माती चिकटते. कोरडं ग्रॅफाइट चालतं.